पारदर्शक थरांचे जलरंग: ग्लेझिंगविषयी सविस्तर

जलरंगातील चित्राचा सगळा उजेड कागदातून येतो. पारदर्शक रंगाच्या थरातून प्रकाश आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परत फिरतो आणि पुन्हा त्याच थरातून गाळला जाऊन डोळ्यांपर्यंत पोहोचतो. एक पातळ थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर दुसरा पातळ थर द्यायचा आणि अशा रीतीने चित्र हळूहळू चढवत न्यायचे, या पद्धतीला ग्लेझिंग म्हणतात. माझे बहुतेक काम याच पद्धतीने चालते आणि तिच्याविषयी मला मनापासून जिव्हाळा आहे. तिच्याबद्दल जे सांगितले जाते त्यातले काही मात्र अर्धवट असते, म्हणून ती नेमकी कशामुळे साधते आणि कुठे अडते, हे मला समजले आहे त्याप्रमाणे येथे मांडते आहे.

आधी थोडे गणित पाहू, कारण ते हाताशी असले की पुढचे पुष्कळ निर्णय सोपे होतात. समजा, एखाद्या रंगाचा पातळ थर त्याच्यातून जाणाऱ्या प्रकाशापैकी ९० टक्के प्रकाश पुढे जाऊ देतो. जाताना एकदा आणि येताना एकदा असा तो थर दोनदा ओलांडावा लागत असल्यामुळे कागदावरून परतणारा उजेड ८१ टक्के उरतो. त्याच ताकदीचा दुसरा थर दिला की सुमारे ६६ टक्के, तिसऱ्यानंतर ५३, चौथ्यानंतर ४३ आणि पाचव्यानंतर ३५ टक्के उजेड राहतो. आकडे पाहिले तर प्रत्येक नवा थर आधीच्या थरापेक्षा कमी उजेड खातो असे दिसते. परंतु डोळा उजेडातला फरक वजाबाकीने न मोजता बहुतांशी प्रमाणाने मोजतो, त्यामुळे एकाच वाटीत कालवलेल्या रंगाचे एक, दोन, तीन, चार आणि पाच थर शेजारी शेजारी ठेवले तर त्यांच्यातील पायऱ्या जवळजवळ सारख्या अंतराच्या वाटतात. एकामागे एक दिसणाऱ्या डोंगररांगा रंगवण्याचा जो सराव नवशिक्यांना दिला जातो, तो याच कारणाने इतका हमखास साधतो. एकच निळसर करडा रंग भरपूर कालवून घ्यायचा, सर्वांत दूरच्या रांगेच्या शिखरांपासून थेट खालपर्यंत पहिला थर द्यायचा, तो वाळला की दुसऱ्या रांगेपासून खाली दुसरा, मग तिसऱ्या रांगेपासून खाली तिसरा. सर्वांत जवळच्या डोंगरावर सगळे थर येतात, सर्वांत दूरच्यावर एकच येतो आणि मधले अंतर आपोआप नजरेत उतरते.

याच गणितात पद्धतीची मर्यादाही आहे. वरच्या उदाहरणातील पातळ थर एकावर एक देत गेलो तर उजेड १० टक्क्यांच्या खाली जायला अकरा थर लागतात, आणि अकरा वेळा ओला झालेला कागद तोपर्यंत थकलेला असतो. याउलट ६० टक्के प्रकाश पुढे सोडणारा एकच दाट थर त्याच जागी उजेड एकदम ३६ टक्क्यांवर आणतो. म्हणून गडद भाग केवळ पातळ थरांच्या जोरावर मिळवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हलक्या आणि मध्यम छटांसाठी पातळ थर द्यावेत, आणि खोल अंधार हवा तेथे दाट कालवलेला पारदर्शक रंग एकदाच, धीटपणे लावावा.

आता त्या अर्धवट समजुतीकडे वळते. पॅलेटवर दोन रंग मिसळले की ते मरतात आणि तेच दोन रंग थरांनी एकमेकांवर दिले की झळकतात, असे सर्रास सांगितले जाते. दोन्ही रंग खरोखर पूर्ण पारदर्शक असतील आणि दोन्ही थर अगदी सपाट असतील, तर तत्त्वतः दोन्हींचा परिणाम फारसा वेगळा येऊ नये. निळ्याने एक भाग शोषायचा आणि पिवळ्याने दुसरा, हे काम मिश्रणातही होते आणि थरांतही होते. तरीही प्रत्यक्ष कागदावर फरक दिसतो, आणि त्याची कारणे बरीच साधी आहेत. हाताने दिलेला कोणताही थर पूर्ण सपाट नसतो. कुठे तो किंचित दाट बसतो, कुठे विरळ, आणि दोन थरांचे हे चढउतार एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे पृष्ठभागावर रंगाची सूक्ष्म हालचाल राहते. रंगद्रव्याचे कण कागदाच्या खळग्यांत आपापल्या परीने बसतात. शिवाय जलरंगातील बरीच रंगद्रव्ये थोडा प्रकाश स्वतःच परत फेकतात, त्यामुळे कोणता रंग वर आणि कोणता खाली यानेही छटा किंचित बदलते. निळ्यावर पिवळा आणि पिवळ्यावर निळा यांतून मिळणारे हिरवे शेजारी ठेवून पाहिले की हे सहज लक्षात येते.

परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. थरांनी काम करताना एका वेळी एकच गोष्ट ठरवावी लागते. ओल्यात ओले, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडून, रंगवताना रंग, त्याची गडदता, कडेची धार आणि ओलाव्याची वेळ या चारही गोष्टी एकाच क्षणी सांभाळाव्या लागतात. त्यात एक वेगळा आनंद आहे आणि मी तेही करते. ग्लेझिंगमध्ये मात्र पहिल्या थरात केवळ वस्तूवरचा उबदार उजेड ठरवता येतो, दुसऱ्यात तिचा मूळ रंग, तिसऱ्यात गोलाई आणि चौथ्यात तिच्यावर पडलेली सावली. प्रत्येक थराला स्वतःचा आकार आणि स्वतःची कड असते, आणि दोन थरांच्या मध्ये शांतपणे पाहायला वेळ मिळतो.

ही पद्धत जुनी आहे. अठराव्या शतकातील अनेक इंग्रज चित्रकार आधी संपूर्ण दृश्याच्या छाया करड्या शाईच्या पातळ थरांत बसवून घेत आणि त्यावर हलके रंग चढवत. १७८१ साली रंग बनवणाऱ्या रीव्ह्ज बंधूंना लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने जलरंगाच्या तयार वड्यांसाठी पदक दिले, आणि त्याच सुमारास कागद बनवणाऱ्या व्हॉटमन यांचा गुळगुळीत विणीचा, चांगला खळ दिलेला कागद चित्रकारांना मिळू लागला. हा कागद वारंवार पाणी सोसू शकत असल्याने थरांच्या कामाला खरा आधार मिळाला. इंग्रज चित्रकार जॉन सेल कॉटमन यांचे १८०५च्या सुमाराचे ‘ग्रेटा ब्रिज’ हे चित्र ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यात सपाट, स्वच्छ कडांचे थर एकमेकांशेजारी आणि एकमेकांवर इतक्या संयमाने ठेवले आहेत की त्याची चांगली प्रतिमा समोर ठेवून एकेक थर ओळखत जाणे हा उत्तम अभ्यास ठरतो. पुलाच्या कमानीखालचा अंधार आणि बाजूच्या खडकांचा उजेड यांत एकही फुकट फटकारा नाही.

थरांचे अगदी निराळे रूप बंगाल शैलीच्या वॉश तंत्रात दिसते. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यात आले होते, आणि त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ टागोरांनी स्वतःचे वॉश तंत्र घडवले. थर वाळल्यावर अख्खे चित्र पाण्यात बुडवायचे, कागदाने धरलेला रंग राहू द्यायचा, मोकळा रंग वाहून जाऊ द्यायचा आणि मग पुढचा थर द्यायचा, असा त्याचा गाभा होता. १९०५च्या ‘भारतमाता’ या चित्रातील धूसर, आतून उजळल्यासारखे वातावरण याच प्रक्रियेतून आले आहे. एरवी ग्लेझिंग करताना खालचा थर उठू नये म्हणून आपण जिवाचे रान करतो, आणि या तंत्रात पाणीच ठरवते की काय टिकावे. दोन्ही वाटा ज्या एका प्रश्नावर येऊन मिळतात तो प्रश्न म्हणजे कागदाने रंग किती घट्ट धरला आहे.

तो प्रश्न महत्त्वाचा असण्याचे कारण जलरंगाच्या घडणीतच आहे. जलरंगातील रंगद्रव्य डिंकाने बांधलेले असते, आणि तो डिंक वाळल्यानंतरही पाण्यात पुन्हा विरघळतो. तैलरंगाचा थर एकदा पक्का वाळला की वर काहीही लावा, तो हलत नाही. जलरंगाचा खालचा थर मात्र पाण्याच्या प्रत्येक नव्या स्पर्शाने जागा होऊ शकतो. काही रंगद्रव्ये इतकी बारीक असतात की ती कागदाच्या तंतूंत शिरून बसतात आणि घासूनही पुरती निघत नाहीत. थॅलो ब्लू आणि थॅलो ग्रीन ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. उलट अल्ट्रामरीनसारखे दाणेदार रंग कागदाच्या खळग्यांत वरवर बसतात आणि ओल्या ब्रशने सहज उठतात. म्हणून कागद घट्ट धरणारे रंग खालच्या थरांत आणि उठणारे रंग वरच्या थरांत ठेवावेत, हा माझ्या कामातला पहिला नियम आहे. अल्ट्रामरीनची सुंदर दाणेदार छाया पुरती जमल्यावर तिच्यावर आणखी तीन थर देण्याचा बेत असेल, तर तो बेतच बदललेला बरा.

पारदर्शकतेसाठी ट्यूबवरचे आकर्षक नाव न वाचता रंगद्रव्याचा संकेतांक वाचावा. एकाच नावाखाली निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी द्रव्ये विकतात, परंतु पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, पीजी ७ म्हणजे थॅलो ग्रीन, पीव्ही १९ म्हणजे क्विनॅक्रिडोन रोज किंवा त्याच कुळातला जांभळा आणि पीवाय १५० म्हणजे निकेल अ‍ॅझो यलो, ही ओळख बदलत नाही. कॅडमियम यलो आणि कॅडमियम रेड, म्हणजे पीवाय ३५ आणि पीआर १०८, हे अंगाने अपारदर्शक रंग आहेत. ते खूप पातळ करून सर्वांत खाली वापरता येतात, पण वरच्या थरात आले की खालच्या गडद रंगावर दुधाळ पडदा पसरल्यासारखे वाटते. ज्या ट्यूबवर दोन-तीन संकेतांक असतील ती थरांच्या कामात जपून वापरावी, कारण अशा दोन ट्यूबांचे थर एकमेकांवर आले की नकळत पाच-सहा द्रव्ये एकत्र येतात. आज आपण ज्या पारदर्शक, टिकाऊ रंगांवर विसंबतो ते या पद्धतीच्या तुलनेत बरेच तरुण आहेत. थॅलो ब्लू १९३५च्या सुमारास बाजारात आला आणि क्विनॅक्रिडोन रंग १९५८ साली. जुन्या चित्रकारांनी थोड्या, अवघड आणि काही वेळा उडून जाणाऱ्या रंगांत जे साधले त्याबद्दल माझा आदर यामुळे वाढतो.

स्वतःच्या पेटीतील प्रत्येक रंगाची एकदा परीक्षा घ्यावी. कागदाच्या पट्टीवर पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या शाईची जाड रेघ ओढून ती पूर्ण वाळू द्यावी आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा मध्यम दाट पट्टा न्यावा. रंग वाळल्यावर काळ्या रेघेवर काहीच दिसले नाही तर तो पारदर्शक. पुसट साय दिसली तर अर्धपारदर्शक. रेघ चक्क फिकी झाली तर अपारदर्शक. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यांचा अर्धा भाग ओल्या ब्रशने हलके चोळून टिश्यूने टिपावा, म्हणजे कोणता रंग कागद सोडतो तेही कळते. या एका पट्टीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही तक्त्याने शिकवलेले नाही.

कागदाबाबत मात्र तडजोड करू नये. पूर्ण सुती, आतून आणि बाहेरून खळ दिलेला, निदान ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कागद घ्यावा. खळ म्हणजे जिलेटिन किंवा तत्सम पदार्थाचे ते संस्करण, ज्यामुळे कागद पाणी एकदम पिऊन टाकत नाही आणि रंग वरच्या पृष्ठभागाजवळ राहतो. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर पहिला थर ठीक बसतो, दुसरा चट्ट्यांनी बसतो आणि तिसऱ्याला खालचे दोन्ही उचलले जातात. शिकणाऱ्याला वाटते की हात कच्चा आहे, प्रत्यक्षात कागद साथ देत नसतो. ३०० जीएसएमचा कागद भिजवून, चिकटपट्टीने बोर्डावर ताणून घ्यावा. ६४० जीएसएमचा असेल तर ताणण्याची गरज सहसा पडत नाही. पोत हा आवडीचा प्रश्न आहे. कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत, कागदावर थरांना थोडा श्वास मिळतो म्हणून मी तो वापरते.

प्रत्यक्ष थर देण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. बोर्ड मागच्या बाजूने थोडा उचलून हलका उतार द्यावा. लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवावा, कारण मध्येच थांबून पुन्हा तीच छटा कालवेपर्यंत कड वाळून बसते. ब्रश मऊ आणि भरपूर पाणी धरणारा असावा. खारीच्या केसांचा किंवा चांगला कृत्रिम केसांचा, रुंद किंवा जाड गोल. तो पूर्ण भरून वरच्या कडेला आडवा फटका मारला की त्या फटक्याच्या खालच्या काठावर रंगाचा एक टपोरा ओघळ साचतो. पुढचा फटका त्या ओघळाच्या खालच्या काठाला जेमतेम शिवून न्यायचा, म्हणजे ओघळ एक पायरी खाली उतरतो. असे करत तळाशी पोहोचलो की तेथे साचलेला ओघळ पिळून घेतलेल्या ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचा. तो तसाच राहिला तर वरचा भाग वाळू लागताच खालचे पाणी मागे सरकते आणि करवती कडेचा डाग पाडते. या सगळ्यात ब्रशचे केस कागदाला जवळजवळ लागू नयेत, पाण्याने कागदाला स्पर्श करावा, आणि एकदा गेलेल्या जागेवर पुन्हा जाऊ नये. राहिलेली बारीक फट दिसली तरी हात आवरावा. ती फट पुढच्या थरात भरून निघते, पण अर्धवट ओल्या रंगात पुन्हा घातलेला ब्रश खालच्या थरापर्यंतचे सगळे ढवळून काढतो.

ओला रंग वाळल्यावर फिका पडतो, हेही हिशेबात धरावे. ओला असताना कणांमधल्या फटींत पाणी असते आणि रंग खोल दिसतो. पाणी उडून तेथे हवा आली की विखुरलेला प्रकाश वाढतो आणि रंग मवाळ होतो. त्यामुळे ओल्या थरावरून पुढच्या थराचा निर्णय घेऊ नये.

वाळण्याबाबत घाई झाली की पद्धतच कोलमडते. कागदावरची चमक गेली म्हणजे थर वाळला असे नाही. आत ओल असते. बोटांची मागची बाजू कागदाजवळ अलगद टेकवून पाहावी. कागद गार लागला तर त्यातून अजून पाणी उडते आहे, असे समजावे. हेअर ड्रायर वापरायचा झाल्यास तो लांबून आणि सतत फिरवत वापरावा, आणि नंतर कागद सामान्य तापमानाला येईपर्यंत थांबावे, कारण गरम कागदावर पुढचा थर पसरण्याआधीच आटतो. थराच्या कडेला उमटणारी गडद रेघ पुष्कळांना त्रास देते. पाणी काठावरून लवकर उडते, तेथली तूट भरायला आतले पाणी काठाकडे वाहते आणि सोबत रंगाचे कण नेते. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा येते ती याच कारणाने, आणि या घटनेचे नेमके स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. जेथे ही रेघ नको असेल तेथे थराची कड ओली असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने बाहेरच्या बाजूला विरवून द्यावी. जेथे हवी असेल तेथे तिला तशीच राहू द्यावे. पानांच्या आणि खडकांच्या कडांना ती फार शोभते.

एक लाल सफरचंद थरांनी कसे उभे राहते ते सांगते. पहिला थर निकेल अ‍ॅझो यलोचा, अगदी पातळ, संपूर्ण फळावर. केवळ चकाकीचा ठिपका कोरा ठेवायचा आणि त्याची एक बाजू पाण्याने विरवायची, म्हणजे तो कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही. हा थर वाळल्यावर क्विनॅक्रिडोन रोजचा मध्यम थर द्यायचा, पण चकाकीभोवती आणि देठाच्या खळग्याजवळ पिवळ्याचा एक उबदार पट्टा मोकळा सोडून. पिवळ्यावर आलेला हा गुलाबी डोळ्यांसमोर शेंदरी लाल होतो, आणि मला या पद्धतीतला हा क्षण सर्वांत प्रिय आहे. तिसरा थरही त्याच गुलाबी रंगाचा, पण फळाच्या गोलाईला धरून, प्रकाशापासून दूर जाणाऱ्या बाजूवर, आणि तळाशी जमिनीवरून परावर्तित झालेल्या उजेडाची चंद्रकोर वगळून. चौथा थर सावलीचा. त्यासाठी थॅलो ग्रीनचे अगदी फिके पाणी घ्यायचे. हिरवा लाल प्रकाश शोषतो, म्हणून लाल भागावर आलेला हा थर हिरवा न दिसता खोल, थंड सावली होऊन बसतो. येथे हात जरा जरी जड पडला तरी लाल मरून काळपट होतो, तेव्हा वाटीतला रंग आधी कागदाच्या तुकड्यावर, वाळलेल्या लालवर लावून पाहावा. शेवटी देठाच्या खळग्यातला अंधार क्विनॅक्रिडोन रोज आणि थॅलो ग्रीन यांच्या दाट मिश्रणाने, एकाच स्पर्शात द्यावा. या फळावर चकाकीपाशी शून्य थर आहेत, तिच्याभोवती एक, अंगावर दोन, वळणावर तीन आणि सावलीत चार. गोलाई या मोजणीतच दडलेली असते.

रंग मळकट होण्याची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि दोष सहसा थरांच्या संख्येला दिला जातो. माझ्या पाहण्यात संख्या क्वचितच दोषी असते. खालचा थर ओला असताना वरचा दिला गेलेला असतो, किंवा अपारदर्शक रंग वर आलेला असतो, किंवा परस्परविरोधी रंगांचे दोन्ही थर सारख्याच ताकदीचे असतात आणि कोणीच कोणाला वाट देत नाही. असा परस्परविरोधी, म्हणजे पूरक, रंग वर देताना तो खालच्यापेक्षा पुष्कळ फिका ठेवला तर छटा खोल होते, मळत नाही. स्वच्छ पाण्याची दोन भांडी ठेवणे, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक रंग कालवण्यासाठी, हा उपाय इतका साधा आहे की बहुतेक जण तो टाळतात.

चित्र जवळजवळ पूर्ण झाल्यावर सगळ्या सावल्यांवरून एकच फिका निळसर किंवा जांभळट थर फिरवण्याची एक रीत आहे. सुट्या सुट्या दिसणाऱ्या सावल्या त्याने एका प्रकाशाखाली येतात, आणि उजेडातले भाग आपोआप अधिक उबदार भासतात. मात्र हा थर देताना खाली सहज उठणारे रंग असतील तर संपूर्ण काम धोक्यात येते, म्हणून तो द्यायचा की नाही हे पहिल्या थराचा रंग निवडतानाच ठरलेले असावे लागते. शेवटच्या थराविषयीचा निर्णय मी चित्र उभे करून, लांबून आणि दुसऱ्या दिवशीच्या उजेडात घेते. अनेकदा तो थर न देणे हेच योग्य ठरते.

टिकाऊपणाचा विचारही थरांच्या कामात अधिक काटेकोरपणे करावा लागतो. पातळ थरात रंगद्रव्य मुळातच थोडे असते, त्यामुळे प्रकाशाने उडणारा रंग दाट थरापेक्षा पातळ थरात लवकर हरवतो. १८८८ साली रसेल आणि अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा मोठा अहवाल सादर केला, तेव्हा त्या काळी सर्रास वापरले जाणारे कितीतरी रंग कच्चे निघाले. पीआर ८३ म्हणजे अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिम्झन आजही विकले जाते आणि ते उडते. ऑरिओलिन म्हणजे पीवाय ४० एके काळी ग्लेझिंगसाठी वाखाणले जात असे, परंतु ते कालांतराने तपकिरी पडू शकते. या दोन्हींच्या जागी क्विनॅक्रिडोन आणि निकेल अ‍ॅझो यलो निश्चिंतपणे वापरता येतात. तरीही नवी ट्यूब आणली की तिचा एक फिका आणि एक दाट पट्टा कागदावर ओढावा, त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि तो कागद ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही महिने तसाच ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला, विशेषतः फिक्या पट्ट्यात, तर ती ट्यूब थरांच्या कामातून बाजूला काढून सरावाच्या वहीसाठी ठेवावी.